चार पॉइंटांतला पत्ता

ज्या वस्तूवर पत्ता नाही ती वस्तू बेवारस, आणि ज्या समाजाला पत्त्याची कदर नाही तो समाज बुडालाच म्हणून समजा, असं मामाचं ठाम मत होतं. हे मत त्याने इतिहासाची पानं चाळून बनवलं होतं अशातला भाग नाही. अठ्ठावीस वर्षांपूर्वी पित्ताच्या गोळ्यांच्या चाळीस हजार खोक्यांवर तो कारखान्याचा पत्ता टाकायला विसरला होता, आणि ती चाळीस हजार खोकी मालकाच्या देखत त्याला स्वतःच्या हातांनी फाडावी लागली होती. साडेतीन दिवस लागले. मत पक्कं व्हायला तेवढे पुरतात.

मामा ग्राफिक डिझायनर होता. म्हणजे तो तसं सांगायचा. इमारतीत त्याला 'मलमवाले' म्हणत, कारण खाजेच्या एका मलमाचं खोकं त्याने केलं होतं आणि ते मलम सगळ्यांच्या घरी होतं, जरी तसं कबूल कोणीच करत नसे. औषधांची खोकी, बाटल्यांची लेबलं, आणि खोक्यात घडी घालून कोंबलेला तो पातळ कागद, जो एकदा उघडला की ब्रह्मदेवालाही परत तसा घडी घालता येत नाही, हे सगळं तो एकतीस वर्षं करत आला होता. त्याचं काम लाखो घरांत पोचलं होतं आणि एकाही माणसाने ते आपणहून वाचलेलं नव्हतं. ही त्याची जुनी ठसठस. मामी समजूत घालायची. "अहो, लोकांना खाज सुटलेली असते. ते काय तुमच्या अक्षरांची वळणं बघत बसणार?" यात समजूत नेमकी कुठे आहे हे मामाला कधी कळलं नाही, पण मामीचा सूर समजुतीचा असे.

अशा माणसाकडे एका रविवारी सकाळी त्याची भाची आली. भाची दिवसा चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, आणि शनिवारी रात्री आपल्या टोळक्याबरोबर नाचगाण्याच्या कार्यक्रमांत असायची. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "मामा, एक पोस्टर करशील?"

या प्रश्नाची मामा एकतीस वर्षं वाट बघत होता. म्हणूनच त्याने सध्या हातात फार काम आहे, वेळ निघणं कठीण, बघू, असं सांगितलं, आणि तिने चहाचा कप उचलेपर्यंत तो कागद-पेन्सिल घेऊन बसलाही.

प्रकरण असं होतं. गावाबाहेरच्या रस्त्याला एक बंद पडलेलं शीतगृह होतं. त्याच्या तळघरात हल्ली असे कार्यक्रम होत. मालकाने भाचीला एक शनिवार दिला होता आणि अट घातली होती: रात्री दहाच्या आत दीडशे माणसं आत आली पाहिजेत. आली, तर दर महिन्याचा शेवटचा शनिवार तिचा. नाही आली, तर तो तळघर पुन्हा बटाट्यांना देणार होता. "बटाटे वेळेवर येतात," तो म्हणाला होता, "आणि आले की गप्प बसतात." भाचीने दोन वर्षं दुसऱ्यांच्या कार्यक्रमांत दारावर उभं राहून लोकांच्या मनगटांवर शिक्के मारले होते. हा तिचा पहिला स्वतःचा कार्यक्रम. नाव होतं 'झोपमोड'. टोळक्यातला पोस्टर करणारा ऐन वेळी रुसून निघून गेला होता, कारण प्रकाशयोजना बघणारी मैत्रीण त्याच्या जांभळ्या रंगाला वांग्याचा म्हणाली होती.

'झोपमोड' हे नाव मामाला धंद्याच्या दृष्टीने खटकलं. झोपेच्या तीन वेगवेगळ्या गोळ्यांची खोकी त्याच्या हातून गेली होती, तेव्हा ही एका अर्थाने स्वतःच्याच कामाशी गद्दारी होती. पण कलावंताने मन मोठं ठेवावं लागतं. त्याने ते ठेवलं.

पोस्टरच्या आधी परवाना काढायचा होता. कचेरीत कसं बोलायचं असतं ते पोरांना कळत नाही, असं म्हणून मामा स्वतः बरोबर गेला. खिडकीतल्या कारकुनाने दिलेल्या अर्जावर 'कार्यक्रमाचा प्रकार' या रकान्यात तीनच पर्याय होते: नाटक, व्याख्यान, प्राण्यांचे खेळ. नाच कुठे गेला, असं मामाने विचारलं. नाच पूर्वी होता, पण बरीच वर्षं कोणी मागितला नाही म्हणून काढून टाकला, असं कारकुनाने शांतपणे सांगितलं. नाटकाला संहितेच्या तीन प्रती लागत. प्राण्यांना डॉक्टरचा दाखला लागे. तेव्हा व्याख्यान. व्याख्यान म्हटलं की वक्ता आला आणि विषय आला. भाची भिंतीकडे बघत होती. मामाने वक्ता म्हणून स्वतःचं नाव लिहिलं आणि विषय लिहिला, 'पत्त्याचे महत्त्व'. या विषयावर तो केव्हाही उभ्याउभ्या अर्धा तास बोलू शकत होता. अडचण आजवर फक्त ऐकणाऱ्यांची होती.

मग आयोजकाचा पत्ता. भाची तीन मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहायची आणि त्या खोलीचा एकही कागद तिच्या नावावर नव्हता. शेवटी मामाच्या घराचं विजेचं बिल कामी आलं. कारकुनाने शिक्का मारता मारता बजावलं, "आयोजकाचा पत्ता जाहिरातीवर आला पाहिजे. नियम आहे."

"हो, हो," भाची म्हणाली. ज्या सहजतेने तिने ते म्हटलं त्या सहजतेने मामाला आयुष्यात कशालाच हो म्हणता आलेलं नव्हतं. बाहेर येऊन त्याने परवान्याची झेरॉक्स काढली. कार्यक्रमाचं ठिकाण मागच्या पानावर होतं आणि झेरॉक्स पुढच्याच पानाची निघाली, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं नाही. आलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली नसती, पण थोडी आखूड झाली असती.

घरी आल्यावर भाचीने पोस्टरवर काय काय हवं ते सांगितलं. नाव, वार, वेळ, वाजवणाऱ्या तिघांची नावं. बास.

"आणि पत्ता?" मामाने विचारलं.

"पत्ता टाकायचा नाही."

"मग माणसं येणार कुठे?"

"ज्यांनी नाव नोंदवलंय त्यांना त्या दिवशी सहा वाजता फोनवर कळतो."

"आणि ज्यांनी नोंदवलं नाही त्यांना?"

"त्यांना कळू नये म्हणूनच तर टाकायचा नाही, मामा."

त्याच्या डोळ्यांसमोरून चाळीस हजार खोकी एकामागून एक निघून गेली.

पुढचे दहा दिवस त्याने जीव ओतून काम केलं. लांबून कसं दिसतं हे बघण्यासाठी तो कच्चा नमुना जिन्यात चिकटवून खालच्या पायरीवर उभा राही, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याला मत देणं भाग पडे. इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले की निळा रंग छान आहे, उरला तर गेटला द्या. हा निळा कॉम्प्युटरमधला आहे, तो उरत नसतो, हे त्यांना समजावण्यात एक संध्याकाळ गेली. तळमजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर राहायचे. ते पायरीवर थांबले, पोस्टर वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "बाकी ठीक. पण पत्ता?"

"टाकायचा नाही म्हणतात."

पोस्टमास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "मलमवाले," ते म्हणाले, "पत्ता नसलेली पत्रं शेवटी ज्या खोलीत जातात, ती खोली मी पाहिलीय." एवढं बोलून ते पिशवी सावरत आत गेले.

त्या रात्री मामाने निर्णय घेतला. कार्यक्रमाच्या ठिकाणाचा पत्ता टाकायला भाचीने मना केलं होतं. मामा तो टाकणार नव्हता. दिलेला शब्द म्हणजे शब्द. पण आयोजकाचा पत्ता ही निराळी गोष्ट. ती नियमाने बंधनकारक होती, आणि औषधाच्या खोक्यावर 'उत्पादक' म्हणून असतो तसा, अगदी तळाशी, कडेला चिकटून, चार पॉइंटांत तो घालता येत होता. चार पॉइंट म्हणजे मुंगीने चालता चालता पाय झटकावेत एवढं अक्षर. मामाने तिथे आपल्या घराचा पत्ता टाकला: मजला, खोली, पिन कोड, आणि पोस्टमास्तरांच्या आग्रहाखातर खूण, 'पाण्याच्या टाकीसमोर'. मग त्याला शांत झोप लागली.

पोस्टर तयार झालं ते असं. पांढरी जमीन, डाव्या कडेला निळा पट्टा. मधोमध ठळक 'झोपमोड'. त्याखाली 'घटक' असा मथळा, आणि वाजवणाऱ्या तिघांची नावं, प्रत्येकी नव्वद मिनिटं. त्याखाली 'घेण्याची पद्धत': महिन्यातून एकदा, जेवणानंतर. मग चौकटीत सूचना, की लखलखत्या प्रकाशामुळे काहींना चक्कर येऊ शकते, तसं झाल्यास बाहेर मोकळ्या हवेत यावे. प्रत्येक ओळ जिथल्या तिथे. अक्षरांमधल्या मोकळ्या जागासुद्धा मामाने हाताने जुळवल्या होत्या.

भाची ते पोस्टर मिनिटभर नुसतं बघत राहिली. तिचा चेहरा उतरला होता, पण मामाकडे बघून तिने मान डोलावली. दिवसभर लोकांना अगदी खालची ओळ वाचायला लावणाऱ्या त्या पोरीने खालची ओळ वाचली नाही. तेवढ्यात ती प्रकाशवाली मैत्रीण, जिचं अर्धं डोकं भादरलेलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यावर दोन डोक्यांचे केस होते, तिने पोस्टर बघितलं आणि ती हसायला लागली. हसता हसता ती जमिनीवर बसली. मग डोळे पुसत म्हणाली, "मामा, तुमची विनोदबुद्धी भन्नाट आहे. असं कुणीच केलेलं नाही."

मामाने मान तुकवली. घरी जाऊन त्याने पोस्टर समोर ठेवलं आणि त्यातला विनोद शोधत रात्री एक वाजेपर्यंत बसला. सापडला नाही. मामीला विचारलं, तर ती म्हणाली, मला तर तारीख उलटून गेल्यासारखं वाटतंय.

पण पोस्टर चाललं. तीन दिवसांत ते सगळ्या शहरातल्या फोनांमध्ये फिरलं. एकशे नव्वद जणांनी नाव नोंदवलं. मामाने ते ऑफिसात साहेबांना दाखवलं, तर साहेबांनी हे औषध चिठ्ठीशिवाय मिळतं का असं विचारलं. त्या आठवड्यात मामा जिना चढताना कठड्याला हात लावत नसे.

शनिवारी संध्याकाळी पावणेआठला त्याच्या दाराची बेल वाजली. दारात एक मुलगा आणि एक मुलगी. दोघांच्या पायांत चंदेरी बूट.

"इथेच ना?" मुलीने हळूच विचारलं.

"काय इथेच?"

"झोपमोड."

मामाच्या मागे मामी भाजी चिरत होती. त्या दोघांनी तिच्याकडे पाहिलं, चपलांच्या कपाटाकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "कमाल आहे," मुलगा म्हणाला. "अगदी खरंखुरं घर वाटतंय." त्यांच्या मागे जिन्यात आणखी सात-आठ जण होते, आणि त्यांच्या मागे आणखी, आणि खाली पाण्याच्या टाकीपाशी गर्दीचा जो आवाज असतो तो यायला लागला होता.

मामाने भाचीला फोन लावला. ती शीतगृहाच्या दारात उभी होती. आत सहा माणसं होती आणि त्यांतली तीन वाजवणारी होती. मालक हातातलं मोजणीचं यंत्र अंगठ्याने उगाचच कुरवाळत होता.

"मामा, तू पत्ता टाकलास?"

"आयोजकाचा. नियमाप्रमाणे. चार पॉइंटांत."

पलीकडे वाजवणाऱ्यांपैकी कोणीतरी 'कोणी आलं का?' असं विचारत होतं.

"तेवढं कोणी वाचत नाही गं," तो म्हणाला.

एकतीस वर्षांचं दुःख त्याला अशा रीतीने बचाव म्हणून वापरावं लागलं. आणि तो बचावही खोटा होता. कारण ही मंडळी औषध घेणारी नव्हती. बंद कारखाने, गच्च्या, गोदामं अशा ठिकाणी लपूनछपून नाचण्यात त्यांची हयात गेलेली. पोस्टर हातात आलं की ते फोनवर मोठं करून त्याचा कोपरान् कोपरा तपासायचा, ही त्यांची रीतच. खालची ओळ त्यांनी पहिल्याच दिवशी शोधून काढली होती आणि एकमेकांना गुपचूप कळवली होती. सहा वाजता भाचीचा मेसेज गेला तेव्हा त्यांनी तो वाचला आणि हसून सोडून दिला. जो पत्ता सगळ्यांनाच पाठवतात तो खरा कसा असेल? खरा पत्ता ज्याने त्याने शोधायचा असतो. मामाने परोपरीने सांगितलं की कार्यक्रम इथे नाही, शीतगृहात आहे. जितकं तो सांगे तितके ते एकमेकांकडे बघून डोळे मिचकावत. एकाने तर मामाच्या स्वेटरचा फोटो काढला.

साडेआठला सेक्रेटरी कमिटीच्या पाच सभासदांना घेऊन आले. पावणेनऊला त्यांनी बोलावलेला हवालदार आला. टाकीभोवती तेव्हा दीडशेच्या वर डोकी होती. हवालदाराने परवाना मागितला आणि मामाने झेरॉक्स पुढे केली. हवालदाराने ती टॉर्चच्या उजेडात बारकाईने वाचली. व्याख्यान. विषय, पत्त्याचे महत्त्व. पत्ता, हाच.

"वक्ते कुठायत?"

"मीच."

"मग सुरू करा की," हवालदार म्हणाला. "साहेब, वीस वर्षं बघतोय. पळा म्हटलं की लोक जमतात. व्याख्यान सुरू झालं की आपोआप पांगतात."

मामा टाकीच्या झाकणावर चढला. गर्दी गप्प झाली. पोरांनी फोनचे दिवे लावून वर धरले. मामाने घसा खाकरला आणि सुरुवातीलाच चाळीस हजार खोक्यांची गोष्ट सांगितली. 'साडेतीन दिवस' हे त्याने दोनदा सांगितलं. पुढच्या रांगेतल्या एकीने डोळे मिटले. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "चाळीस हजार," आणि तो शब्द गर्दीतून लाटेसारखा मागे गेला. मामा बोलत राहिला. पिन कोडचे सहा अंक, घर क्रमांकातला तिरपा दांडा, 'समोर' आणि 'शेजारी' यांतला फरक. लोक पांगले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा माणसं त्याचं सगळं, अगदी तळटीपेसकट, ऐकत होती. कार्यक्रम म्हणून ऐकत होती हे खरं, पण ऐकत होती. भाची, शीतगृह, दहा वाजता, हे सगळं त्याच्या मनातून पार पुसलं गेलं.

सव्वानऊला वरच्या मजल्यावरून मामीचा आवाज आला. "अहो, पोरगी तिकडे उभी आहे. तुमचं होईपर्यंत बटाटे येतील."

मामा थांबला. समोर दीडशे दिवे होते. असे दिवे पुन्हा दिसणार नाहीत हे त्याला कळत होतं, आणि अजून 'द्वारा' या शब्दाचा वापर राहिला होता. त्याने शीतगृहाचा पत्ता खणखणीत आवाजात, खुणेसकट सांगितला. मग म्हणाला, "आता तिकडे जा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. जागचं कोणीही हललं नाही.

शेवटी पोस्टमास्तर पुढे आले. नोकरीच्या सुरुवातीला दहा वर्षं त्यांनी त्या भागात सायकलवर टपाल वाटलं होतं. "वक्ते आता शीतगृहात बोलतील," त्यांनी जाहीर केलं, आणि हातात पिशवी घेऊन चालायला लागले. तेव्हा कुठे गर्दी हलली. पोस्टमास्तर, त्यांच्या मागे चंदेरी बूट, त्यांच्या मागे मामी, बंदोबस्ताला हवालदार, आणि खऱ्या आयोजकाला जाब विचारायला सेक्रेटरी आणि कमिटी. मामा सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे होता. पहिल्या चौकात तो मधे आला. पेट्रोलपंपापाशी मागे पडला. गुडघ्यांना व्याख्यानाचं काही सोयरसुतक नव्हतं.

दारावर भाची शिक्का घेऊन उभी होती. तिने मनगटामागून मनगट उमटवलं आणि मालक यंत्राचं बटण दाबत गेला. वाटेत काही जण खायला थांबले होते, काही घरी गेले होते. दहाला पाच मिनिटं असताना ओघ आटला. "एकशे त्रेचाळीस," मालक म्हणाला आणि त्याने घड्याळ तिच्यासमोर धरलं.

भाचीने रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावरून सेक्रेटरी येत होते. ते थेट तिच्यासमोर आले, उजवा हात उगारला आणि तर्जनी तिच्या नाकासमोर नाचवत म्हणाले, "इथे जबाबदार माणूस कोण आहे?"

भाचीने त्या हाताच्या मनगटावर शिक्का मारला. पाठोपाठ कमिटीच्या पाच जणांनीही हात उगारले. पाचही उमटले. पोस्टमास्तरांनी आपणहून हात पुढे केला आणि शिक्का नीट लागलाय का ते धंद्याच्या नजरेने तपासलं. मग मामी. मग हवालदार, जो ड्यूटीवर होता आणि म्हणून त्याने डावा हात दिला. मालकाने यंत्र कानाशी हलवून पाहिलं. एकशे बावन्न.

मामा पोचला तेव्हा दहा वाजून चार मिनिटं झाली होती. दारावर आता प्रकाशवालीची कोणी एक मैत्रीण बसली होती, जी मामाला ओळखत नव्हती. तिने यादी पाहिली. मामाचं नाव यादीत नव्हतं. तो बाहेर कठड्यावर दम खात बसला, आणि आतून सेक्रेटरींचा आवाज ऐकू येत राहिला, कारण ते अजून तक्रार करत होते आणि लोक त्यावर ठेका धरत होते. थोड्या वेळाने भाची पाण्याची बाटली घेऊन बाहेर आली. त्याच्या शेजारी बसली. मग तिने त्याचा हात ओढून घेतला, मनगटावर शिक्का मारला आणि म्हणाली, "मोजलेला नाही हा. असाच."

शेवटचा शनिवार तिचा झाला. पुढच्या महिन्यात मामाने एक रविवार मोकळा ठेवला, पेन्सिलींना टोकं काढली आणि विचारलं तर वेळ कमी आहे असं म्हणायचं ठरवून ठेवलं. भाची आली, चहा प्यायली, मामीशी बोलली आणि गेली.

त्या महिन्याचं पोस्टर प्रकाशवालीने केलं. सगळं काळं, त्यावर एकही अक्षर नाही. मामाने ते मोठं करून चारही कडा तपासल्या. काही नव्हतं.

तीनशे माणसं नऊच्या आत बरोबर ठिकाणी पोचली.